रूबी स्लिपर्सची प्रतिकृती

'द विझार्ड ऑफ ऑझ' (१९३९) या हॉलिवूडपटात ज्युडी गार्लंडच्या पायांत दिसणाऱ्या लाल, टिकल्यांनी मढवलेल्या बुटांची हाताने केलेली नक्कल. चित्रपटातल्या वस्तू स्वतः बनवणाऱ्या हौशी कारागिरांच्या जगात हे काम अवघड समजले जाते आणि ते वाजवीच आहे. एका बुटावर दोन हजारांहून अधिक टिकल्या असतात, शिवाय मूळ जोड एकाहून अधिक असल्याने डोळ्यांपुढे ठेवायला नेमका एक नमुना नाही.

एल. फ्रँक बॉम यांच्या १९००च्या मूळ कथेत हे बूट चांदीचे आहेत. टेक्निकलर या तेव्हाच्या रंगीत चित्रीकरणाच्या तंत्रात पडद्यावर उठून दिसावेत म्हणून पटकथेत ते माणकाचे झाले. आराखडा एमजीएम या चित्रपट कंपनीचे वेशभूषाकार एड्रियन यांचा. माणिक त्यात एकही नाही. उंच टाचेच्या साध्या तयार बुटांवर टिकल्या शिवलेले तलम कापड चढवलेले आहे आणि पुढे मणी व काचेचे खडे जडवलेली बो आहे. बुटांच्या आत लॉस एंजेलिसच्या इनेस शू कंपनीचे नाव आढळते. नाचताना खटखट आवाज येऊ नये म्हणून काही जोडांच्या तळव्यांना फेल्ट, म्हणजे दाबून केलेले जाड मऊ कापडही लावले होते.

नक्कल करणाऱ्याची पहिली अडचण रंगाची. भडक लाल टेक्निकलरमध्ये नारिंगीकडे झुकत असे, म्हणून मूळ टिकल्या गडद, डाळिंबाच्या दाण्याकडे झुकणाऱ्या घेतल्या होत्या. पडद्यावर बघून लाल टिकल्या आणल्या, तर बूट हातात खेळण्यातला दिसतो. मूळ टिकलीचा गाभा जिलेटिनचा असून त्यावर चांदीचा थर आणि वर सेल्युलोज नायट्रेट या जुन्या प्लास्टिकचा रंगीत लेप आहे. जिलेटिन पाण्याने मऊ पडते, रंगही काळाने उतरतो. म्हणून आपण १९३९चा बूट करतो आहोत की आज संग्रहालयात दिसणारा, हे आधी ठरवावे लागते. आजच्या प्लास्टिकच्या टिकल्या टिकाऊ असतात, पण त्यांची चकाकी जास्त उथळ वाटते.

टिकल्या सरळ बुटावर चिकटवणे हा सोपा मार्ग. चालताना बूट बोटांपाशी दुमडतो आणि नेमक्या तिथल्याच टिकल्या सुटतात. खरी पद्धत शिवणीची: कापड चौकटीवर ताणायचे, माशाच्या खवल्यांसारखी एक टिकली दुसरीवर थोडी चढवत ओळी भरायच्या, मग ते कापड बुटावर ताणून बसवायचे. आपल्याकडे लग्नाच्या ब्लाउजवर आरीकाम करणाऱ्यांना हे सांगावे लागणार नाही. कापड ताणून आकडीने टाके घालायची ती विद्या युरोपातल्या भरतकामात गेली तीही भारतातूनच. खरा कस टाचेवर लागतो, कारण तिथे कापड दोन्ही बाजूंनी वळते आणि सुरकुती लपवायला जागा नसते. बोसाठी लांबट नळीमणी, बारीक खडे आणि मधोमध तीन मोठे काचखडे लागतात. या तिघांचा आकार चुकला, तर बाकी सगळे जमूनही बूट परका दिसतो.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडचा जोड १९७९पासून लोकांना पाहायला मिळतो. त्याच्या जतनासाठी २०१६ मध्ये लोकवर्गणीतून तीन लाखांहून अधिक डॉलर उभे राहिले. दुसरा एक जोड मिनेसोटातल्या ग्रँड रॅपिड्सच्या ज्युडी गार्लंड संग्रहालयातून २००५ मध्ये चोरीला गेला आणि २०१८ मध्ये सापडला. दोन्ही जोड शेजारी ठेवल्यावर कळले की त्यांतले बूट आपसांत बदललेले आहेत. म्हणजे ज्याला अस्सल जोड मानून मापे घेतली जात होती, तो मुळात जोडच नव्हता. तरीही 'हुबेहूब' या शब्दावरून कारागीर वाद घालतात, ही त्यातली गंमत. चोरणाऱ्याची समजूत होती की बुटांवर खरी माणके आहेत. २०२४च्या डिसेंबरमध्ये तोच काचेच्या खड्यांचा जोड लिलावात दोन कोटी ऐंशी लाख डॉलरच्या बोलीवर गेला. नंतर कोणी नक्कल अस्सल म्हणून खपवू नये, यासाठी अस्तरावर इनेसचे नाव उमटवण्याऐवजी करणाऱ्याने स्वतःची खूण शिवणे बरे.