उत्सव-कार्यकर्त्यांमधील ज्ञानाची देवघेव (बेळगाव सीमाभाग)

उत्सव, यात्रा, संमेलन अशा ठरावीक दिवसांच्या कार्यक्रमांत बिनपगारी राबणारी माणसे कामाची माहिती, हातोटी आणि ओळखीपाळखी एकमेकांना व पुढच्या खेपेच्या मंडळींना देतात. या देवघेवीचा अभ्यास ज्ञान-व्यवस्थापन या शाखेत होतो. बँकेतला कारकून रोज त्याच खुर्चीवर येऊन बसतो. उत्सवाचे कार्यकर्ते मात्र मंडप उतरला की पांगतात आणि पुढच्या वर्षी त्यातले कोण येईल याची कुणी हमी देत नाही. ॲल्विन टॉफ्लर यांनी 1990 मध्ये अशा फुगणाऱ्या-आटणाऱ्या संघटनांना ‘स्पंदनशील’ म्हटले आणि पुढे क्रीडास्पर्धांच्या अभ्यासकांनी ही कल्पना उचलली.

माणसाला सांगता येते त्यापेक्षा जास्त माहीत असते, हे मायकेल पोलान्यी यांनी 1966 मध्ये मांडले. या ‘अव्यक्त ज्ञाना’चे शब्दांत आणि शब्दांचे पुन्हा कसबात रूपांतर कसे होते, याचे प्रारूप इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची यांनी 1995 मध्ये दिले, पण ते जपानी कंपन्यांवरून. जीन लेव्ह आणि एटियन वेंगर यांनी 1991 मध्ये शिंपी, सुईणी अशा मंडळींकडे पाहून दाखवले, की नवशिका कडेची हलकी कामे करत करत मध्यभागी येतो. स्वयंसेवकांना हेच जास्त लागू पडते. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठाच्या गिलियन रॅग्सडेल यांनी अमांडा जेप्सन यांच्यासह 2014 मध्ये ‘कॅम्रा’ या पारंपरिक बिअरसाठी चळवळ करणाऱ्या ब्रिटिश संघटनेच्या बिअर महोत्सवांतील स्वयंसेवक अभ्यासले. आपल्याला ठाऊक असलेले दुसऱ्याला द्यायला ही माणसे कशाने प्रवृत्त होतात आणि कशाने अडतात, हा त्यांचा प्रश्न होता. बिअरच्या जागी मसालेभात ठेवला, तर हा प्रश्न बेळगावच्या कुठल्याही मंडळाला विचारता येईल.

बेळगावात या प्रश्नाला जुना इतिहास आहे. डिसेंबर 1924 मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन टिळकवाडीत भरले. व्यवस्थेची सूत्रे गंगाधरराव देशपांडे यांच्याकडे होती आणि पाण्यासाठी तेव्हा खोदलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणून दाखवतात. आदल्या वर्षी काकीनाडा अधिवेशनात डॉ. ना. सु. हर्डीकर यांचे हिंदुस्थानी सेवा दल स्थापन झाले होते. अधिवेशनापुरते स्वयंसेवक गोळा करून सोडून देण्याऐवजी कायम शिकवलेले दल असावे, हा त्यामागचा विचार. हर्डीकरांनी उत्तर शोधले ते कवायतीत आणि शिबिरांत. गावच्या उत्सवांनी दुसरा, शिस्तीला बराच सैल मार्ग धरला.

बेळगावची शिवजयंती तिथीप्रमाणे वैशाखात होते आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सजीव देखावा उभा असतो: मावळे, बुरूज, कधी अफजलखानाचा शामियाना. बुरुजाचा सांगाडा बहुधा उद्यमबागच्या कारखान्यांत काम करणारी पोरे वेल्डिंग करून देतात, म्हणजे कसब पगाराच्या जागेवरून आयते आलेले असते. मिरवणुकीचे ज्ञान मात्र मिरवणुकीतच मिळते. मारुती गल्लीत ट्रॉली वळवताना पुढचा माणूस चालकाकडे बघत नाही, मागच्या चाकाकडे बघतो. वर बांबू घेऊन एक पोरगा बसलेला असतो. केबलची तार दिसली की ती उचलायची, बुरूज पुढे सरकला की सोडायची. बांबूला वरच्या टोकाला आडवी कोरडी फळी का बांधायची, वीजमंडळाच्या तारेजवळ बांबू न नेता गाडीच का थांबवायची, हे कुठल्याही इतिवृत्तात सापडणार नाही. आधीची दोन-तीन वर्षे जो खाली दोर धरून चालला, त्यालाच वर चढू देतात. लेव्ह आणि वेंगर यांना हे दृश्य आवडले असते.

ही देवघेव मंडळाच्या आत मोकळी, बाहेर बंद असते. शेजारच्या गल्लीला देखाव्याचा विषय शेवटच्या रात्रीपर्यंत कळू द्यायचा नाही, ही ईर्ष्या उत्सवात रंग भरते आणि त्याच ईर्ष्येपायी प्रत्येक मंडळ तीच ठेच नव्याने खाते. मंडळामंडळांत माहिती फिरते ती मांडववाला, साउंडवाला, मूर्तिकार आणि आचारी यांच्या तोंडून. अभ्यासकांचे लक्ष पदाधिकाऱ्यांवर जास्त असते. या चौघांकडे त्यांनी अजून पुरेसे पाहिलेले नाही.

साहित्य संमेलनांचे गणित वेगळे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बेळगावात 1929, 1946 आणि 2000 मध्ये भरले. 1946च्या, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालील संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्यानंतर चोपन्न वर्षांचे अंतर पडले. एवढ्या काळात व्यवस्थेची आठवण टिकणे शक्यच नव्हते. ती पोकळी भरून काढायला कडोलीसारख्या गावचे दरवर्षीचे संमेलन होते. पुढे उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, निपाणीकडे कारदगा अशी रांगच लागली. ग्रंथदिंडी, उद्घाटन, परिसंवाद, कथाकथन, कविसंमेलन आणि मध्ये सगळ्यांना जेवण, असा सकाळपासूनचा बेत असतो. दिंडीतले कलश आणि रांगोळ्या महिला मंडळाकडे असतात आणि ती शिकवणी सासू-सून, नणंद-भावजय अशी घराघरांतून चालते. पाहुण्याला कोल्हापूरहून कुणी आणायचे, परिसंवाद लांबला तर पंगत आधी बसवायची की कवींना आधी उभे करायचे, हे निर्णय एखादा जुना मास्तर उभ्याउभ्या देतो. शेजारी उभी असलेली पोरे ते ऐकतात. तेवढेच प्रशिक्षण.

सीमाभागात एक जास्तीचा थर आहे. पोलीस, महानगरपालिका किंवा ग्रामपंचायत आणि वीज देणारी हेस्कॉम यांच्या परवानग्यांचा कारभार कन्नडमध्ये चालतो. त्यामुळे प्रत्येक मंडळात कन्नड लिहिणारा, साहेबाशी त्याच्या भाषेत बोलणारा एक गडी लागतो. कोणता कागद कोणत्या टेबलावर जातो आणि कुणाची सही आधी लागते, हे त्यालाच ठाऊक. तो पुण्याला किंवा गोव्याला नोकरीला गेला की मंडळ अडते, आणि मग फोनवरून अर्ज सांगितले जातात. त्याची जागा घ्यायला दुसरा कुणी आधीपासून तयार केला जात नाही, कारण हे काम मानाचे मानले जात नाही.

लेखी काय उरते? वर्गणीच्या पावत्या, जमाखर्च, सभेचे इतिवृत्त, अहवाल. पैशाचा हिशेब चोख असतो, कारण त्यावरून भांडणे होतात. हातोटीवरून भांडण होत नाही, म्हणून ती लिहिली जात नाही. सिडनीच्या 2000 सालच्या ऑलिंपिकनंतर आयोजनाचे ज्ञान पुढच्या यजमानांना रीतसर देण्याची पद्धत बसली, पण तिथे पगारी माणसे आणि पैसा होता. मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप निरोपाला बरा. मागच्या वर्षीच्या सांगाड्याचे फोटो त्यात सापडतात, मोजमापे नाही.

सर्वांत मोठी कसोटी लागते ती गावच्या लक्ष्मी यात्रेत. बेळगाव तालुक्यातल्या बऱ्याच गावांत ती दरवर्षी न होता मोठ्या अंतराने भरते. मागच्या यात्रेत रथाचा दोर धरलेले तरुण तोवर वयाने पंच झालेले असतात. रथाच्या चाकाला पाचर कुणी मारायची, उतारावर दोर मागे कुणी धरायचा, आलेल्या पाहुण्यांच्या गाड्या कुठल्या शेतात लावायच्या, यासाठी यात्रेच्या आधी बैठकांवर बैठका होतात. म्हातारी माणसे देवळाच्या कट्ट्यावर आणून बसवतात आणि एकेक गोष्ट विचारून घेतात. दोन म्हाताऱ्यांचे एकमत झाले नाही, तर शेजारच्या गावी अलीकडे यात्रा झालेली असेल तिथल्या सुताराला बोलावणे जाते.