कृपा (ज्ञानेश्वरीतील)

ज्ञानेश्वरीच्या अनुभवपर वाचनातील मध्यवर्ती संकल्पना. गुरूची किंवा ईश्वराची कृपा झाली की साधक आतून नवा होतो, असा तिचा आशय. मुळात गीतेतच तिला आधार आहे. अठराव्या अध्यायात ईश्वराच्या प्रसादाने परम शांती मिळेल असे कृष्ण सांगतो आणि पुढे अर्जुन आपला मोह त्याच प्रसादाने गेल्याचे कबूल करतो. शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी या बीजाला नाथपंथी योगाची जोड दिली.

सहाव्या अध्यायात गीता फक्त ताठ बसून नासाग्री दृष्टी ठेवायला सांगते. ज्ञानेश्वर तेवढ्यावर कुंडलिनीजागृतीचे, म्हणजे शरीरात सुप्त मानलेली शक्ती जागी होण्याचे, दीर्घ वर्णन उभारतात: जुन्या कातडीचा पापुद्रा कोंड्यासारखा झडतो, नवे दात येतात, तळहात-तळपाय रक्तकमळांसारखे होतात. हा ‘नाथसंकेतींचा दंशु’, म्हणजे नाथपंथाच्या संकेतातले मर्म आहे, विष्णूने (गीतेतल्या कृष्णाने) केवळ उद्देश दाखवला, असेही ते मोकळेपणी सांगून टाकतात. टीकाकाराने इतका प्रांजळ असणे विरळाच.

एवढेच वाचले तर कृपा म्हणजे हठयोगाचे फळ, असा समज होईल. बाराव्या अध्यायाचे मंगलाचरण तो दूर करते. तिथे गुरुकृपादृष्टी आई होऊन येते. आधारशक्तीच्या (कुंडलिनीच्या) मांडीवर ती साधकाला वाढवते, हृदयाकाशाच्या पाळण्यात झोके देते, मन आणि प्राण त्याला खेळणी म्हणून देते, सतराव्या कळेचे, म्हणजे योग्याला आत लाभणाऱ्या अमृताचे, दूध पाजते आणि अनाहताचे, म्हणजे आघातावाचून आत उमटणाऱ्या नादाचे, अंगाईगीत गाते. योगाची परिभाषा तीच. पण इथे साधक तान्हे मूल आहे, करणारी ती आहे. पसायदानात हेच नवेपण समाजापर्यंत पोचते. ‘खळांची व्यंकटी सांडो’ या मागणीत खळांचा नाश नाही, त्यांचा वाकडेपणा तेवढा जायचा आहे.

आळंदीची समाधी जवळ असल्याने पुण्यात या विचाराचा अभ्यास दोन अंगांनी झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवलेले गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७) यांनी १९३३ मध्ये महाराष्ट्रातील संतांच्या गूढवादावर इंग्रजी ग्रंथ लिहिला. देवाचे थेट, कुणाच्या मध्यस्थीवाचून होणारे ज्ञान ही त्यांची कसोटी; ज्ञानेश्वरांना त्यांनी बौद्धिक गूढवादी म्हटले. स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य शं. वा. तथा सोनोपंत दांडेकर (१८९६–१९६८) यांची वाट वारकऱ्यांची होती. आळंदीला १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढणारे विष्णुबुवा जोग हे त्यांचे गुरू. दांडेकर वर्गात तत्त्वज्ञान शिकवत आणि कीर्तनालाही उभे राहत. त्यांची सार्थ ज्ञानेश्वरी आजही घरोघरी वाचली जाते.

मतभेद कृपेच्या दाराशी आहे. रानडे ज्या इंचगिरी या गुरुपरंपरेतले, तिथे अनुभवी गुरूकडून मिळालेले सबीज नाम, म्हणजे गुरूने दीक्षेत दिलेले नाम, हाच कृपेचा आरंभ. वारकऱ्यांत तुळशीची माळ, नित्य हरिपाठ आणि वारी पुरते. नाम तिथे सगळ्यांसाठी उघडे असते.