जाहिरातींतील काव्यालंकारांचे शालेय अध्यापन

जाहिरातींची घोषवाक्ये, जिंगल, फलक आणि चित्रफिती यांत वापरलेले अनुप्रास, यमक, श्लेष, रूपक, अतिशयोक्ती इत्यादी अलंकार ओळखून त्यांचे कार्य तपासायला विद्यार्थ्यांना शिकवणारी भाषाशिक्षणातील एक पद्धती. ती मुख्यतः सहावी ते आठवीच्या, म्हणजे साधारण ११ ते १४ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांसाठी वापरली जाते. या वयात अलंकारांची नावे पाठ्यपुस्तकातून नुकतीच भेटत असतात, जाहिरातींच्या ओळी मात्र कोणी न शिकवता आधीच तोंडपाठ झालेल्या असतात. त्या पाठ का झाल्या, याचे उत्तर बहुतेक वेळा त्यांतील अलंकारांतच सापडते आणि अध्यापनाला तेथून सुरुवात करता येते.

वयाची निवड आणखी एका कारणाने योग्य ठरते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या कृतिगटाने २००४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार साधारण ८ वर्षांखालील मुलांना जाहिरातीमागील मन वळवण्याचा हेतू पुरेसा ओळखता येत नाही. त्यापुढील वयात ‘हे आपल्याला काही विकू पाहत आहेत’ एवढे मुलांच्या लक्षात येते. पण हेतू कळणे वेगळे आणि तो कोणत्या शब्दांच्या मार्फत साधला जातो हे दाखवता येणे वेगळे. या दोहोंतील अंतर भाषेच्या तासाला कमी करता येते.

काव्य आणि मन वळवणे यांचे नाते भारतीय साहित्यशास्त्राला अपरिचित नाही. अकराव्या शतकातील मम्मटाने काव्याची प्रयोजने सांगताना कीर्तीबरोबर धनप्राप्तीचाही उल्लेख केला आहे आणि काव्याचा उपदेश हा कांतासंमित, म्हणजे प्रिय व्यक्तीच्या बोलण्यासारखा आर्जवी असतो, असे म्हटले आहे. हा उपदेश आज्ञेचा धाक घालत नाही आणि मित्राच्या सल्ल्याप्रमाणे कारणेही मांडत बसत नाही. ऐकणाऱ्याला आपलेसे करून तो आपले म्हणणे गळी उतरवतो. जाहिरातीने नेमकी हीच रीत उचलली, फक्त उपदेशाच्या जागी खरेदी आणली.

आधुनिक भाषाविज्ञानात या विषयाचे सर्वांत परिचित उदाहरण रोमान याकबसन यांचे आहे. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी भाषेच्या सहा कार्यांपैकी काव्यात्म कार्य समजावताना अमेरिकेतील ड्वाइट आयझेनहॉवर यांच्या १९५२ च्या अध्यक्षीय प्रचारातील ‘आय लाइक आइक’ (‘मला आइक आवडतो’; ‘आइक’ हे आयझेनहॉवर यांचे टोपणनाव) या तीन शब्दांच्या घोषणेचे विश्लेषण केले. ‘लाइक’मध्ये ‘आइक’ पूर्ण सामावतो, ‘आइक’मध्ये ‘आय’ सामावतो आणि आवडणारा मतदार जणू आवडत्या उमेदवारात विरघळून जातो, हे त्यांनी केवळ ध्वनींच्या आधारे दाखवले. काव्यात्म कार्य कवितेपुरते मर्यादित नसते, हा त्यांचा मुद्दा होता. वर्गात ही घोषणा फळ्यावर देवनागरीत लिहून मोठ्याने वाचली, तरी एका शब्दात दुसरा दडलेला स्पष्ट ऐकू येतो, आणि कोणतीही व्याख्या न देता मुले तो शोधून काढतात.

जाहिरातींचे चिकित्सक वाचन शाळेत आणण्याचा विचार त्याहून जुना आहे. इंग्लंडमध्ये एफ. आर. लीव्हिस आणि डेनिस थॉम्पसन यांनी १९३३ मध्ये शाळांसाठी लिहिलेल्या पुस्तकात जाहिरातींचे उतारे देऊन त्यांवर प्रश्न विचारले होते. जाहिरातींच्या भाषेपासून विद्यार्थ्यांना सावध करणे हा त्यांचा हेतू होता, आणि त्या सावधगिरीत जाहिरातीच्या कारागिरीचे कौतुक फारसे नव्हते. आजच्या पद्धतीत कौतुकालाही जागा आहे. चांगले घोषवाक्य लिहिणे अवघड असते, हे मान्य केल्याशिवाय ते उलगडून पाहण्यात मुलांना रस वाटत नाही.

शब्दालंकार शिकवणे तुलनेने सोपे असते. अनुप्रास ओळीला पकड देतो आणि यमक ती लक्षात ठेवते. अमेरिकेत ‘बर्मा-शेव्ह’ या दाढीच्या क्रीमने १९२५ पासून १९६३ पर्यंत रस्त्याच्या कडेला ओळीने छोट्या पाट्या लावल्या. प्रत्येक पाटीवर पद्याचा एक तुकडा असे, त्यामुळे यमक पूर्ण होईपर्यंत गाडीतील माणसे पुढची पाटी वाचल्याशिवाय राहत नसत. शेवटच्या पाटीवर बहुधा कंपनीचे नाव येई. यमकाने निर्माण केलेली ही अपेक्षा हीच जाहिरातदाराची कमाई होती.

यमकाचा दुसरा गुण अधिक गंभीर आहे. मॅथ्यू मॅक्ग्लोन आणि जेसिका तोफीबख्श यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना एकाच आशयाची सयमक आणि अयमक सुवचने दिली, तेव्हा सयमक वचने त्यांना अधिक खरी वाटली. वचनाची गोडी आणि त्याचा आशय यांत फरक करण्याची सूचना आधी दिली, तेव्हा मात्र हा परिणाम कमी झाला. अध्यापनाच्या दृष्टीने या प्रयोगाचा उत्तरार्ध पूर्वार्धाहून महत्त्वाचा आहे, कारण भाषेच्या तासाला हीच सूचना उदाहरणांसह देता येते. ‘हाती धरा ही लेखणी, अक्षरे येतील देखणी’ अशी एक काल्पनिक ओळ घेता येईल. ‘लेखणी’ आणि ‘देखणी’ हे शब्द कानाला इतके सहज जुळतात की पेन आणि सुंदर अक्षर यांत कार्यकारणसंबंध आहे, असे वाटून जाते. यमक काढून ‘हे पेन वापरले की हस्ताक्षर सुधारते’ असे म्हटले, की हस्ताक्षर सरावाने सुधारते हे वर्गातील कोणीही सांगतो.

श्लेष मुलांना विशेष आवडतो. उशीच्या जाहिरातीसाठी ‘मान राखणारी’ किंवा खुर्चीसाठी ‘आम्ही सदैव तुमच्या पाठीशी’ अशा ओळी तेराव्या वर्षी सहज सुचतात. श्लेषात वाचकाला दुसरा अर्थ स्वतः शोधावा लागतो आणि तो सापडल्याचा आनंद वस्तूच्या नावे जमा होतो. भाषांतराचा प्रश्नही येथे अनायासे समोर येतो. एका भाषेत बेतलेली श्लेषाची किंवा यमकाची ओळ शब्दशः दुसऱ्या भाषेत नेली, की केवळ दावा उरतो आणि तो बहुधा किरकोळ असतो.

या पद्धतीचा खरा कस अर्थालंकारांत लागतो, आणि मराठी अलंकारशास्त्राची पारंपरिक परिभाषा येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडते. उपमेय (जिची तुलना करायची ती गोष्ट), उपमान (जिच्याशी तुलना करायची ती गोष्ट), साधारण धर्म (दोहोंतील समान गुण) आणि साम्यवाचक शब्द ही उपमेची चार अंगे विद्यार्थ्यांना पाठ असतात. जाहिरातीत यांपैकी कोणते अंग गाळले आहे, हे विचारले की पाठांतराला काम मिळते. ‘आता अधिक पांढरेशुभ्र’ या वाक्यात कशाहून अधिक हे सांगितलेलेच नाही; तुलना आहे, पण जिच्याशी तुलना करायची ती वस्तू नाही. व्यतिरेकात उपमेय उपमानाहून वरचढ ठरवले जाते. ‘बर्फाहून शुभ्र’ असे म्हणणारी धुण्याची पावडर दुसऱ्या पावडरीशी नव्हे, तर बर्फाशी स्पर्धा करते आणि बर्फ तक्रार करायला येत नाही. अनन्वयात उपमेयाची तुलना स्वतःशीच होते. ‘आमच्यासारखे आम्हीच’ हे विधान कोणत्याही वस्तूविषयी करता येते आणि ते कधीच खोटे ठरत नाही, कारण तुलनेचा मार्गच त्याने बंद केलेला असतो. कवितेत अनन्वय हा स्तुतीचा कळस असतो. जाहिरातीत तो पुराव्याची जबाबदारी टाळण्याची सोयही असू शकतो.

रूपकाचे काम याहून खोल चालते. फ्रान्सिस जेरेटी यांनी १९४७ मध्ये ‘डी बीअर्स’ या हिऱ्यांच्या कंपनीसाठी लिहिलेले ‘हिरा चिरंतन असतो’ या अर्थाचे चार इंग्रजी शब्दांचे घोषवाक्य वरवर खनिजाविषयीचे विधान आहे. ते बोलते मात्र विवाहाविषयी. दगडाचा टिकाऊपणा नात्याला दिला जातो. वाच्यार्थापलीकडे सुचणाऱ्या या अर्थाला साहित्यशास्त्र व्यंजना म्हणते. सुचवलेला अर्थ जाहिरातदाराने शब्दांत उच्चारलेला नसतो, त्यामुळे त्याच्याकडे त्याचा जाबही मागता येत नाही. ‘तहानलेली त्वचा’ यासारख्या चेतनगुणोक्तीतही त्वचेला आधी माणसाची गरज चिकटवली जाते आणि मग ती भागवण्याची वस्तू पुढे केली जाते.

अतिशयोक्ती आणि खोटा दावा यांतील सीमा न्यायालयांनाही तपासावी लागली आहे. इंग्लंडमधील ‘कारलिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल कंपनी’ या १८९२ च्या अपील निकालात, आपले हुंगण्याचे साधन सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएन्झा झाल्यास १०० पौंड देऊ, ही जाहिरात म्हणजे केवळ फुशारकी होती, असा बचाव कंपनीने केला. त्याच जाहिरातीत प्रामाणिकपणाची खूण म्हणून बँकेत १,००० पौंड ठेवल्याचे लिहिले होते, आणि न्यायालयाने हा बचाव फेटाळताना त्यावर बोट ठेवले. आकडा आणि अट आली की अतिशयोक्तीला अलंकाराची सूट मिळत नाही, हे या प्रकरणातून सातवीच्या वर्गालाही समजते. शिवाय त्यातील नाट्य मुलांचे लक्ष धरून ठेवते.

प्रत्यक्ष अध्यापनात गद्यांतर ही मध्यवर्ती कृती ठरते. विद्यार्थी आठवणीतील एक घोषवाक्य लिहितो, त्यातील अलंकार दाखवतो आणि मग अलंकार बाजूला ठेवून तेच म्हणणे साध्या गद्यात मांडतो. गद्यात काय उरले, काय नाहीसे झाले आणि नाहीसे झालेले खरे होते की केवळ गोड होते, यावर चर्चा होते. हीच कृती अभ्यासलेल्या कवितेच्या ओळींवर केल्यास फरक ठळक होतो. कवितेच्या गद्यांतरात अर्थाचे नुकसान होते आणि ते मुलांना जाणवते. जाहिरातीच्या गद्यांतरात पुष्कळदा ‘ही वस्तू घ्या’ एवढेच हाती लागते. चित्रफितींच्या बाबतीत संगीत, चेहरे आणि रंग यांमुळे शब्द झाकले जातात, म्हणून आवाज बंद करून एकदा पाहणे आणि चित्र न पाहता एकदा ऐकणे उपयोगी पडते.

अलंकार ओळखणे म्हणजे फसवणूक पकडणे, असा समज झाल्यास मात्र पद्धती एकांगी बनते. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ किंवा ‘अति घाई संकटात नेई’ या लोकहिताच्या घोषवाक्यांतही पुनरुक्ती आणि यमक तेच काम करतात, आणि त्यांचे गद्यांतर केल्यावर उरणारे विधान तपासाला उतरते. अशी उदाहरणे सुरुवातीलाच द्यावीत, अन्यथा अलंकार हीच लबाडी असे मानून मुले कवितेकडेही संशयाने पाहू लागतात. याउलट केवळ नावे ओळखण्यावर थांबणारा पाठ पाठ्यपुस्तकातील स्वाध्यायाहून फार वेगळा राहत नाही. जाहिराती शिक्षकाने निवडल्या, तर त्याच्या पिढीच्या आठवणी वर्गावर लादल्या जातात. ओळी विद्यार्थ्यांकडूनच मागवणे अधिक फलदायी असते.

मूल्यमापनासाठी विद्यार्थ्याला एखाद्या अगदी सामान्य वस्तूसाठी, उदाहरणार्थ खोडरबरासाठी, दोन अलंकार योजून घोषवाक्य लिहायला आणि त्याखाली त्याचे प्रामाणिक गद्यांतर द्यायला सांगितले जाते. घोषवाक्याइतकेच गुण गद्यांतराला ठेवावे लागतात, कारण ते स्वतःच्याच ओळीविरुद्ध लिहायचे असल्याने मुलांना अधिक जड जाते.