इंटरनेटचा ताबा आणि ऑनलाइन सुवार्ता : एका भीतीची पार्श्वभूमी

‘इंटरनेट आता परक्यांच्या हातात जाणार, मग येशूचं नाव घेणंही बंद होणार’ अशा आशयाचा संदेश नागपुरात सदरपासून जरीपटक्यापर्यंतच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या ग्रुपवर अधूनमधून डोकं वर काढतो. कधी त्यात चीन असतो, कधी संयुक्त राष्ट्रं, कधी बायबलमधल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या 13व्या अध्यायातलं श्वापद. मजकूर मराठीत असला तरी भीतीचं मूळ इथलं नाही. ते अमेरिकेत, 2014 ते 2016 या काळात सापडतं.

14 मार्च 2014 रोजी अमेरिकन सरकारने जाहीर केलं की रूट झोनवरची, म्हणजे डॉट कॉम, डॉट इन अशा नावांच्या मूळ यादीवरची, आपली देखरेख सोडून द्यायची आहे. तोवर या यादीत बदल करायचा झाला, एखाद्या देशाच्या डोमेनचा कारभार एका संस्थेकडून दुसरीकडे द्यायचा झाला, तरी अखेरची मंजुरी अमेरिकेच्या वाणिज्य खात्याची लागे. रोजचं काम 1998 साली स्थापन झालेली कॅलिफोर्नियातली एक ना-नफा संस्था पाहत होती, खात्याबरोबरच्या कराराखाली. हा करारच संपवायचा होता. त्या जागी दुसरं कुठलं सरकार येणार नव्हतं. कंपन्या, तंत्रज्ञ, वापरकर्त्यांच्या संघटना आणि सरकारं यांचा मिळून कारभार चालणार होता. अर्थात ‘सगळ्यांचा मिळून’ म्हणजे नेमका कोणाचा, हा प्रश्न तेव्हाही होता.

अमेरिकेतल्या ख्रिस्ती प्रसारकांचा आणि कुटुंबमूल्यांच्या नावाने काम करणाऱ्या संघटनांचा आक्षेप सरळ होता. अमेरिकन राज्यघटनेची पहिली दुरुस्ती भाषणस्वातंत्र्याला जितकं संरक्षण देते तितकं जगात क्वचितच कुठे मिळतं. यादीवर अमेरिकन सरकारचा हात आहे तोवर ही सावली यादीवरही आहे. तो हात निघाला की चीन, रशिया, इराण पुढे सरसावणार आणि विवाह, लैंगिकता किंवा धर्मांतर यांबद्दलची बायबलची शिकवण ‘द्वेषमूलक भाषण’ ठरवून पत्ताच पुसून टाकणार. सप्टेंबर 2016 च्या अखेरीस चार राज्यांचे महाधिवक्ते टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनच्या फेडरल न्यायालयात गेले. 30 सप्टेंबरला न्यायालयाने स्थगिती नाकारली आणि त्याच मध्यरात्री करार संपला. या बदलामुळे दुसऱ्या दिवशी कोणाचंही संकेतस्थळ बंद पडलं नाही. नव्या व्यवस्थेतली पहिली मोठी बैठक महिनाभराने हैदराबादला झाली. नागपूरहून रात्रीच्या गाडीने जाता येईल इतकी ती जवळ होती, पण आपल्याकडे तिची कोणाला फारशी खबर नव्हती.

यातलं खरं किती आणि कल्पनेतलं किती, हे पाहण्यासारखं आहे. रूट झोन म्हणजे फक्त पत्त्यांच्या वहीचं पहिलं पान. तिथे डॉट कॉम, डॉट इन यांची नोंद असते. कोणाचं प्रवचन, कोणाची साक्ष, कोणाचा व्हिडिओ यांचा त्या पानाशी संबंध येत नाही. एका मंडळीचं संकेतस्थळ बंद करायला रूट झोनला हात लावण्याची गरजच पडत नाही. डोमेन विकणारी कंपनी, सर्व्हर भाड्याने देणारी कंपनी, व्हिडिओचा प्लॅटफॉर्म किंवा तुमच्या गल्लीतला ब्रॉडबँडवाला, यांपैकी कोणीही ते करू शकतो. चीनने आपल्या हद्दीत मंडळ्यांचे आवाज बंद केले तेव्हा त्याला कॅलिफोर्नियातल्या संस्थेची परवानगी लागली नाही.

तरी त्या लोकांना वेड्यात काढून चालणार नाही. यादीवर दबाव आणता येतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं, कारण तो दबाव त्यांच्यातल्याच काहींनी आणला होता. 2005 साली प्रौढ मजकुरासाठी ‘डॉट एक्सएक्सएक्स’ हे वेगळं नाव देण्याचं जवळजवळ ठरलं होतं. अमेरिकेतल्या धार्मिक संघटनांनी मोहीम उघडली, वाणिज्य खात्याकडे सुमारे 6,000 पत्रं आणि ईमेल गेले, आणि ऑगस्टमध्ये खात्याने ‘थोडं थांबा’ असं कॅलिफोर्नियातल्या संस्थेला कळवलं. 2007 मध्ये नाव फेटाळलं गेलं, 2011 मध्ये अखेर मंजूर झालं. मजकूर पाहून नाव अडवायला लावण्याचं इतकं ठळक उदाहरण दुसरं शोधावं लागेल, आणि ते बीजिंगमधून आलेलं नव्हतं. आपण ओढलेली दोरी उद्या दुसरा ओढेल, ही भीती मग अकरा वर्षांनी बोलून दाखवली गेली.

पुढे नवीन नावांची खिरापत निघाली तेव्हाही हेच. 2012 मध्ये सौदी अरेबियाने ‘डॉट कॅथलिक’वर हरकत घेतली, पण नाव व्हॅटिकनलाच मिळालं. ‘डॉट बायबल’ अमेरिकेतल्या एका जुन्या बायबल प्रकाशन संस्थेकडे गेलं. तिने त्यावर काय लिहायचं आणि काय नाही याचे असे नियम केले की खुद्द बायबलचे अभ्यासक नाराज झाले, आणि 2018 मध्ये काही अटी सैल कराव्या लागल्या. म्हणजे ख्रिस्ती मजकुरावर नावाच्या पातळीवरून बंधनं आली ती ख्रिस्ती संस्थेकडूनच. फॉरवर्डमध्ये हा भाग नसतो.

आणखी एक भाग नसतो, तो भारताचा. ‘सरकारांच्या हाती इंटरनेट’ ही कल्पना फक्त चीन-रशियाची नव्हती. ऑक्टोबर 2011 मध्ये भारतानेच संयुक्त राष्ट्रांत प्रस्ताव मांडला होता की 50 देशांची एक समिती नेमून इंटरनेटच्या धोरणांची सूत्रं तिच्याकडे द्यावीत. देशात त्यावर टीका झाली आणि दिल्ली मागे सरकली. 2012 च्या अखेरीस दुबईत दूरसंचार करारावर 89 देशांनी सह्या केल्या, त्यांत भारत नव्हता. 2015 मध्ये तर सगळ्यांनी मिळून कारभार करण्याच्या बाजूने भारत उघडपणे उभा राहिला. मात्र राष्ट्रीय सुरक्षेच्या बाबतीत शेवटचा शब्द सरकारचाच, हेही त्याच दमात सांगितलं.

नागपूरच्या वाचकाला खरं तर अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. धर्मप्रचाराच्या मजकुरावर सरकारी मान्यतेचा शिक्का असावा, ही सूचना याच शहरात छापली गेली आहे. नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असताना, एप्रिल 1954 मध्ये, मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी सरकारने समिती नेमली. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती तिचे अध्यक्ष होते. कर्ज, शाळा, दवाखाना यांच्या आडून आदिवासी भागात धर्मांतरं होतात, अशा तक्रारी होत्या. समितीने 99 प्रश्नांची प्रश्नावली काढली, 11,360 लोकांशी संपर्क साधला आणि 1956 मध्ये अहवाल दिला. त्यातल्या शिफारशींपैकी एक अशी : राज्य सरकारच्या मान्यतेशिवाय धर्मप्रचाराचं साहित्य वाटायला बंदी असावी. 1842 पासून अहमदनगरात नियतकालिक चालवणाऱ्या मराठी ख्रिस्ती समाजाला ही नवी गोष्ट होती. ती शिफारस कायद्यात उतरली नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, अहवाल भोपाळला गेला आणि तिथे 1968 मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला : कलम 25 मधला प्रचाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं मांडण्याचा हक्क, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा नव्हे. ऑनलाइन प्रवचनावरचा आजचा प्रत्येक वाद फिरून याच वाक्यापाशी येतो.

मार्च 2020 नंतर प्रश्न घरात आला. लॉकडाऊनमध्ये ज्या मंडळ्यांनी कधी कॅमेरा पाहिला नव्हता त्याही लाइव्ह उपासना घेऊ लागल्या. पहिला फटका बसला तो सरकारचा नव्हे, गाण्यांच्या कॉपीराइटचा. स्तुतिगीत सुरू झालं की आवाज गायब. उपासना पुन्हा मंदिरात आली, पण चॅनल राहिले, आणि चॅनलबरोबर माहिती-तंत्रज्ञान कायदाही.

या कायद्याची दोन कलमं महत्त्वाची. 69अ खाली सरकार मजकूर ब्लॉक करतं. त्याला 2009 चे नियम आहेत, समिती आहे, कारणं नोंदवावी लागतात, आणि नियम 16 मुळे सगळं गोपनीय राहतं. दुसरं 79(3)(ब). सूचना मिळूनही बेकायदा मजकूर काढला नाही तर कंपनीचं कायदेशीर कवच जातं, एवढंच ते म्हणतं. पालघरमधल्या दोन तरुणींच्या 2012 मधल्या अटकेवरून सुरू झालेल्या खटल्यात 24 मार्च 2015 ला आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षा सांगणारं कलम 66अ रद्द झालं, तेव्हाच सर्वोच्च न्यायालयाने याही कलमाला मर्यादा घातली : न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना आल्यावरच कंपनीला ‘माहिती होती’ असं धरायचं. 66अ गेल्याचा आनंद सर्वांनी साजरा केला; ही दुसरी ओळ मागे पडली आणि पुढची दहा वर्षं तीच कामाला आली.

नागपूरने तिचा वापर जवळून पाहिला आहे. 17 मार्च 2025 ला महाल भागात दंगल उसळली. त्यानंतर राज्याच्या सायबर यंत्रणेने 140 हून अधिक आक्षेपार्ह पोस्ट आणि व्हिडिओ हेरून याच कलमाखाली नोटिसा काढल्या. दंगलीत अफवा थांबवायलाच हव्यात. पण जे हत्यार दंगलीसाठी तयार असतं ते शांततेतही म्यान होत नाही. अशा नोटिसा पाठवायला केंद्राने ऑक्टोबर 2024 पासून ‘सहयोग’ नावाचं पोर्टल सुरू केलं आहे. एका परदेशी कंपनीने त्याला आव्हान दिलं. 24 सप्टेंबर 2025 ला कर्नाटक उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली आणि 2015 चा निकाल याच कायद्याखालच्या 2021 च्या नियमांना जसाच्या तसा लावता येत नाही असं म्हटलं.

धर्मांतराचे कायदेही ऑनलाइन येऊ लागले आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये उत्तराखंडच्या विधानसभेने मंजूर केलेल्या दुरुस्तीत डिजिटल माध्यमांतून होणारा प्रचारही घेतला गेला. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2025 मध्ये राज्याच्या पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सक्तीच्या धर्मांतरांवर समिती नेमली. मुंबई-नागपूरच्या मंडळ्यांमध्ये तेव्हापासून ‘आजारी माणसासाठी प्रार्थना केल्याचा व्हिडिओ टाकायचा की नाही’ ही चर्चा सुरू आहे. रूट झोनबद्दल मात्र कोणी विचारत नाही, आणि ते बरंच आहे.

15 नोव्हेंबर 2025 पासून 79(3)(ब) खालची नोटीस कोणी काढायची यावर मर्यादा आली : सहसचिव किंवा त्याहून वरचा अधिकारी, पोलिसांत खास अधिकार दिलेला उपमहानिरीक्षक. दर महिन्याला सचिव दर्जाचा अधिकारी या नोटिसांचा आढावा घेणार. फेब्रुवारी 2026 च्या दुरुस्तीने मजकूर काढण्याची मुदत 36 तासांवरून 3 तासांवर आणली. मोठ्या प्लॅटफॉर्मने स्वतःहून व्हिडिओ काढला तर 2021 च्या नियमांतल्या नियम 4(8) प्रमाणे टाकणाऱ्याला कारण कळवून म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. सरकारी सूचनेवरून काढला तर नियम 3(1)(ड) तसं काही सांगत नाही.