दुखणं अंगावर काढणारे सैनिक

सैनिकाला ‘कसं वाटतंय?’ असं विचारलं की उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: ‘काही नाही, ठीक आहे.’ पाय सुजून बुटात जात नसला तरी हेच. घरी बायको हे उत्तर ऐकते, त्याच्या चालण्याकडे बघते आणि तिचा त्यावर काडीचाही विश्वास बसत नाही. (बायको सैन्यात आणि काळजी करणारा नवरा, अशी जोडी असली तरी संवाद फारसा बदलत नाही.) दोघांपैकी खरं कोण बोलतंय? जखम ताजी असते तेव्हा तो बहुधा खरंच बोलत असतो. घोळ होतो तो नंतर.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, इटलीतल्या अँझिओच्या किनाऱ्यावर हेन्री बीचर हे अमेरिकी भूलतज्ज्ञ जखमी सैनिकांवर उपचार करत होते. हाडं मोडलेली, छातीत-पोटात गोळ्या आणि तुकडे शिरलेले असे हे गंभीर जखमी. शुद्धीवर असलेल्या अशा दोनशेहून अधिक सैनिकांना त्यांनी नेमून विचारलं: वेदना होतायत का, औषध हवंय का? सुमारे तीन चतुर्थांश जणांना औषध मागण्याइतकं दुखतच नव्हतं. त्यातल्या अनेकांना कित्येक तासांत मॉर्फीन मिळालेलं नव्हतं. म्हणजे ही औषधाची किमया नव्हती. बधिरताही नव्हती, कारण याच माणसांच्या शिरेत कुणी सुई वेडीवाकडी खुपसली की ती चारचौघांसारखी ओरडत. मांडी फाटलेली असताना तक्रार सुईची! पुढे बीचर यांनी शस्त्रक्रिया झालेल्या नागरी रुग्णांशी तुलना केली, तेव्हा वेदनाशामक मागणारे नागरी रुग्णांतच कितीतरी जास्त निघाले. त्यांचा निष्कर्ष असा, की जखमेचा अर्थ दोघांसाठी वेगळा होता. नागरिकासाठी ती आपत्तीची सुरुवात, तर सैनिकासाठी तीच आघाडीवरून जिवंत परतण्याची सोय.

१९७३च्या अरब-इस्रायल युद्धात हात किंवा पाय गमावलेल्या सैनिकांशी बोलताना पॅट्रिक वॉल या वेदनाशास्त्रज्ञालाही असंच ऐकू आलं. त्या क्षणाबद्दल बोलताना ‘धक्का’, ‘दणका’ असे शब्द येत, दुखल्याचा उल्लेख क्वचित. पुढे त्याच, आता नसलेल्या, अवयवात अनेकांना भयंकर वेदना झाल्या.

‘ॲड्रेनालिनमुळे कळत नाही’ हे आपलं नेहमीचं स्पष्टीकरण इथे अर्धवट आहे. जखमेचा संदेश मज्जातंतूंमधून मज्जारज्जूपर्यंत पोचतोच. तिथे तो पुढे सोडायचा की अडवायचा, हे काही अंशी मेंदू ठरवतो. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली ‘गेट कंट्रोल’ सिद्धान्त मांडला तो याच तपासनाक्याबद्दल. १९६९ साली रेनॉल्ड्स यांनी दाखवलं, की उंदराच्या मध्यमेंदूतल्या एका करड्या भागाला विजेचं हलकं उद्दीपन दिलं तर भूल न देता त्याच्या पोटावर शस्त्रक्रिया करता येते. १९७५ साली ॲबर्डीनमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून एन्केफॅलिन वेगळं केलं: शरीराने स्वतः बनवलेलं, अफूच्या जातीचं रसायन. मध्यमेंदूतून हुकूम मेंदूच्या बुंध्याच्या खालच्या भागाकडे येतो, तिथून मज्जारज्जूत, आणि एन्केफॅलिन, सेरोटोनिन, नॉरॲड्रेनालिन वगैरेंच्या मदतीने वर जाणारा वेदनेचा निरोप दाबला जातो.

शरीर असं का करतं? बोल्स आणि फॅन्सेलो यांनी १९८० साली दिलेलं उत्तर मला सगळ्यात पटतं. भीती आणि वेदना या दोन वेगवेगळ्या कामांच्या यंत्रणा आहेत. धोका समोर असताना पळणं किंवा लढणं महत्त्वाचं, म्हणून भीती वेदनेला गप्प करते. धोका टळला की वेदना ताबा घेते आणि एकच मागणी करते: पडून राहा, तो भाग हलवू नको, भरून येऊ दे. जखमेभोवती प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं जमतात, तिथले मज्जातंतू हळवे होतात आणि साधा स्पर्शही बोचू लागतो. दुसऱ्या दिवशी जास्त दुखतं ते त्यामुळेच. आणि या दुसऱ्या टप्प्यावर सैनिक जुनंच उत्तर देत राहतो. आता मात्र ते शरीराचं उत्तर नसतं, त्याचं स्वतःचं असतं.

त्यामागे हिशेब असतो. आजारी रजा मागितली की तुकडी एका माणसाने कमी होते, सोबत्याच्या पाठीवर ओझं वाढतं, बढती किंवा पुढची नेमणूक लांबते आणि ‘कामचुकार’ हा शिक्का बसायला वेळ लागत नाही. अमेरिकी पायदळाच्या एका ब्रिगेडमध्ये झालेल्या पाहणीत स्नायू आणि हाडांच्या जवळपास निम्म्या दुखापती सैनिकांनी कुणाला कळवल्याच नव्हत्या. याला नुसता हट्टीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. दुखतंय म्हणून थांबायचं नाही, हे ज्याला वर्षानुवर्षं शिकवलं, तो तेच करणार.

पण हाडाला हा हिशेब समजत नाही. १८५५ साली ब्राइटहाउप्ट या प्रशियन सैनिकी डॉक्टरने लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन केलं. त्याला तो स्नायुबंधांचा दाह वाटला. १८९५ साली क्ष-किरण सापडले आणि दोनच वर्षांत उघड झालं, की पावलातली लांब हाडंच मोडत होती, तीही कुठे पडल्याझडल्याशिवाय. आज आपण याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतो. हाडावर ताण वाढला की ऑस्टिओक्लास्ट पेशी थकलेला भाग कुरतडून काढतात आणि ऑस्टिओब्लास्ट तिथे नवं हाड भरतात. कुरतडणं काही आठवड्यांत उरकतं, भरण्याला महिने लागतात. सराव अचानक वाढवल्यावर काही आठवड्यांनी हाड आधीपेक्षा कमजोर असतं ते या फरकामुळे, आणि माणूस नेमका त्याच सुमारास ‘आता सवय झाली’ म्हणून वेग वाढवतो. सुरुवातीला धावण्याच्या शेवटी दुखतं, मग पहिल्या पावलापासून, मग चालताना, शेवटी रात्री अंथरुणातही. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा काहीच दिसत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आला’ हा सैनिकाचा आवडता पुरावा म्हणूनच कच्चा असतो. एमआरआयमध्ये मात्र तडा लवकर दिसतो. मांडीच्या हाडाच्या मानेत, म्हणजे खुब्यापाशी, असा तडा गेला असेल आणि माणूस वेदनाशामक गोळ्या घेऊन धावत राहिला, तर हाड सरकून खुब्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो. जांघेत दुखतंय आणि चालताना वाढतंय, एवढ्या तक्रारीवरही डॉक्टर सावध होतात ते याचसाठी.

आता घरी काळजी करत बसलेल्या माणसाकडे येऊ. २००४ साली टानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी १६ जोडप्यांवर एक प्रयोग केला. बाई स्कॅनरमध्ये, जोडीदार शेजारी बसलेला, आणि शॉक कधी तिच्या हाताला, कधी त्याच्या. तिला स्वतःला शॉक बसताना मेंदूचे जे भाग कामाला लागत, त्यांपैकी पुढचा इन्सुला आणि सिंग्युलेट पट्टा हे त्याला शॉक बसतोय एवढं कळल्यावरही चेतत. कुठे आणि किती जोरात लागलं ते टिपणारे भाग मात्र तिच्या स्वतःच्या शॉकपुरतेच जागे होत. बायकोला नवऱ्याच्या वेदनेतली तगमग मिळते, तपशील मिळत नाही. तो तपशील तिला त्याच्या बोलण्यातून हवा असतो, आणि तो तर म्हणतो, ‘काही नाही’. तगमग आहे आणि माहिती नाही, अशा अवस्थेत माणूस तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो.

त्या विचारण्याचा परिणाम दरवेळी चांगलाच होतो असं नाही. हर्टा फ्लोर यांनी जुनाट पाठदुखीच्या रुग्णांच्या मेंदूलहरी तपासल्या. दुखलं की लगेच हातातलं काम काढून घेणारा, सतत जपणारा जोडीदार खोलीत असला, तर पाठीला दिलेल्या उद्दीपनाला मेंदूचा प्रतिसाद जास्त मोठा येत असे. बोटाला दिलेल्या उद्दीपनाला तसा फरक पडत नसे. उलट २००६ साली जेम्स कोन यांनी दाखवलं, की शॉकची धास्ती वाटत असताना नवऱ्याचा हात हातात असला तर बायकांच्या मेंदूतली धोक्याची खळबळ कमी होते; परक्याच्या हाताने कमी उपयोग होतो आणि नातं जितकं समाधानाचं तितका उपयोग जास्त. म्हणजे सोबत हवी, पण दर पायरीवर ‘दुखतंय का?’ नको.

डोक्याच्या दुखापतीत मात्र घरच्या माणसाची बाजू फार भक्कम असते. तिथे ज्या अवयवाने ‘मी ठीक आहे’ हा निवाडा द्यायचा, त्यालाच मार लागलेला असतो. चिडचिड, विसराळूपणा, झोप उडणं, उजेड-आवाज सहन न होणं यांतलं बरंच काही त्या माणसाच्या आधी घरच्यांच्या लक्षात येतं. अमेरिकी संरक्षण खात्याने २०१० साली नियमच केला: स्फोटाच्या ५० मीटरच्या आत असलेल्या प्रत्येक सैनिकाची वैद्यकीय तपासणी होणार आणि त्याला निदान २४ तास विश्रांती मिळणार, मग तो काहीही म्हणो. सैनिकाच्या उत्तराऐवजी अंतरावर भरवसा ठेवणारा हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो.

घरी असं मोजायला अंतर नसतं, पण डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा असतात. डॉक्टरकडे ‘ह्याला दुखतंय, पण सांगत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘तीन आठवडे जिना उतरताना डावा पाय आधी टाकतो, रात्री दोनदा उठतो, गोळ्यांची पट्टी चार दिवसांत संपते’ असं सांगितलं, तर तपासणीला दिशा मिळते. आणि डोक्याला मार लागल्यावर डोकेदुखी वाढत चालली, उलट्या होऊ लागल्या, जीभ जड झाली, झटका आला किंवा जागं करूनही नीट जाग येत नसेल, तर त्याला काय वाटतंय हे विचारायला न थांबता सरळ रुग्णालय गाठायचं.