रेट मोड की हेडिंग होल्ड? हेलीच्या शेपटीचा जायरो निवडताना आणि लावताना

आरसी (रेडिओने चालवायचं) हेलिकॉप्टर नवीन घेतलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "शेपूट एका जागी राहत नाही, जायरो गेला का?" जायरो, म्हणजे शेपूट वळतेय हे ओळखून तिला सावरणारी डबी, सहसा धडधाकट असतो. तो कुठल्या मोडमध्ये चालतोय हेच मालकाला ठाऊक नसतं, आणि एका मोडचा उपाय दुसऱ्याला लावून घोळ वाढतो. रेट मोड (काही जण नॉर्मल मोड म्हणतात) आणि हेडिंग होल्ड हे दोन्ही एकाच डबीत असतात. तीच वायर, तोच सर्वो (शेपटीच्या ब्लेडचा कोन बदलणारी छोटी मोटर), तोच दिवा. पण ट्रिम (स्टिकच्या मध्यात केलेली छोटी दुरुस्ती) दिली तर काय होईल, गेन (जायरो किती जोराने सावरतो ते) वाढवला तर काय होईल, मिक्सिंग लागेल की नाही, या सगळ्याची उत्तरं दोन्हीकडे वेगळी आहेत.

जायरोची गरज टॉर्कमुळे पडते. बहुतेक मॉडेलांचा मुख्य रोटर वरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणून धड उलटं फिरू पाहतं आणि नाक डावीकडे जातं. शेपटीचा रोटर त्याला अडवतो. हा टॉर्क एकसारखा राहिला असता तर एकदा लिंकेज (सर्वोपासून शेपटीपर्यंतची दांडी) जुळवून काम भागलं असतं. पण कलेक्टिव्ह (मुख्य ब्लेडचा कोन, ज्याने हेली वर जाते) वर केलं की तो वाढतो, खाली घेतलं की कमी होतो, आणि वाऱ्याचा झोत आला की शेपटीवरचा भारही बदलतो. १९७० च्या सुमारास जर्मनीत डीटर श्ल्यूटर आणि त्यांच्या बरोबरीचे लोक मॉडेल हेली उडवायचे तेव्हा हे सगळं अंगठ्यानेच सांभाळावं लागायचं. पुढे छोट्या मोटरवर चकती फिरवणारे यांत्रिक जायरो आले, १९९० च्या दशकात पिएझो आले आणि आता मेम्स चिप आहे. सेन्सर बदलत गेला, मोजायची गोष्ट मात्र तीच राहिली: शेपूट या क्षणाला किती वेगाने वळतेय.

रेट मोड एवढ्याच मोजमापावर चालतो. शेपूट वळायला लागली की तो सर्वोला उलट दिशेने ढकलतो, वळणं थांबलं की हात काढून घेतो. तोवर शेपूट दहा अंश सरकली असेल तर ती तिथेच राहते. मूळ जागी परत आणायचं काम त्याचं नाही. हेडिंग होल्ड त्याच मोजमापाची बेरीज करत जातो, म्हणजे वेगावरून कोन काढतो आणि तो कोन शून्यावर येईपर्यंत सर्वो दाबून धरतो. रेट मोडचा सगळा व्यवहार रोखीचा. हेडिंग होल्डकडे वाण्याची वही असते, बाकी फिटेपर्यंत तो मागे लागतो. फुताबाने आपल्या जायरोंवर यालाच एव्हीसीएस असं नाव दिलं, इतरांनी हेडिंग लॉक. काम एकच. आणि होकायंत्राशी याचा काही संबंध नाही. उत्तर कुठे, दक्षिण कुठे, हे त्याला कळत नाही. तुम्ही स्टिक सोडलीत तेव्हा नाक जिकडे होतं तिकडे ते धरून ठेवायचं, इतकंच त्याला कळतं.

आपला जायरो कुठल्या मोडमध्ये आहे हे ओळखायला दिव्याच्या रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंग निराळा. सर्वोकडे बघा. मोटरच्या वायरी सोडवून ठेवा, बॅटरी जोडा, आणि जायरो सुरू होईपर्यंत हेलीला हात लावू नका, कारण त्या काही सेकंदांत तो आपलं शून्य ठरवत असतो. मग रडर स्टिक (शेपूट वळवणारी) थोडीशी उजवीकडे नेऊन धरा. रेट मोडमध्ये सर्वो स्टिकइतकाच सरकतो आणि स्टिक सोडली की मध्यावर परततो. हेडिंग होल्डमध्ये स्टिक जराशीच हलवलेली असली तरी सर्वो सरकत सरकत टोकाला जातो, आणि स्टिक सोडल्यावरही तिथेच राहतो. नवखा माणूस इथे घाबरतो, सर्वो अडकला म्हणतो. अडकलेला नसतो. "वळ" असा हुकूम मिळालाय आणि हेली टेबलावरून हललेली नाही, म्हणून बिचारा आणखी जोर लावतोय. टेबलावर ठेवलेल्या हेलीचा सर्वो आपोआप हळूहळू एका बाजूला सरकला तरी हेडिंग होल्डमध्ये ते चालायचंच.

याच प्रयोगात ट्रिमचं कोडंही सुटतं. रेट मोडमध्ये ट्रिम म्हणजे सर्वोची मधली जागा. हॉवरमध्ये (हेली हवेत एका जागी थांबलेली असताना) नाक डावीकडे सरकत असेल तर उजवी ट्रिम द्यायची, नाक थांबतं. हेडिंग होल्डमध्ये स्टिकचा अर्थच बदलतो: ती सर्वोची जागा सांगत नाही, वळायचा वेग सांगते. म्हणून ट्रिम म्हणजे "या वेगाने कायम वळत राहा" असा न संपणारा हुकूम. एकाने रेट मोडमध्ये ट्रिम देऊन शेपूट छान थांबवली, नंतर उडता उडता स्विच मारून हेडिंग होल्डवर गेला, आणि हेली मंद गिरक्या घ्यायला लागली, ही तक्रार हमखास ऐकू येते. जायरोचा दोष नसतो. तो ट्रिम इमानेइतबारे पाळतोय.

रेडिओतल्या रेव्होल्यूशन मिक्सिंगचंही असंच. कलेक्टिव्ह वाढवताना रडर आपोआप थोडा द्यायचा, ही सोय रेट मोडसाठी आहे आणि तिथे तिचा खरंच उपयोग होतो. हेडिंग होल्डमध्ये ते मिक्सिंग म्हणजे दर थ्रॉटलला नकळत दिलेला रडर. पूर्ण बंद करा. बऱ्याच रेडिओंत नवीन हेली मॉडेल उघडलं की ते आधीपासून चालू असू शकतं, म्हणून एकदा तो मेनू उघडून आकडे शून्य आहेत ना ते पाहा.

आता गेनचा आकडा. मोड आणि गेन दोन्ही एकाच चॅनेलवरून जातात, बहुतेक ठिकाणी पाचव्या. मध्याच्या एका बाजूला रेट, दुसऱ्या बाजूला हेडिंग होल्ड, आणि मध्यापासून जितकं लांब तितका गेन जास्त. जुन्या जेआर आणि स्पेक्ट्रम रेडिओंवर हा आकडा ० ते १०० असा दिसतो आणि मध्य असतो ५० वर. अशा रेडिओवर कोणी "शेपूट हलतेय, गेन कमी करतो" म्हणून ७० वरून ३० वर आला तर गेन कमी झालेलाच नाही. ७० म्हणजे हेडिंग होल्ड, ४० टक्के. ३० म्हणजे रेट मोड, तोही ४० टक्केच. ओपनटीएक्ससारखं सॉफ्टवेअर असलेल्या रेडिओंवर उणे १०० ते अधिक १०० अशी पट्टी असते, तिथे ३० म्हणजे खरोखर ३०. त्यामुळे मित्राने सांगितलेला गेनचा आकडा जसाच्या तसा घ्यायचा नाही. त्याचा रेडिओ कोणता, जायरो कोणता, हे आधी विचारायचं.

लावायची सुरुवात कुठून करायची? माझं मत ठाम आहे: उडवायचं हेडिंग होल्डमध्ये असलं तरी हेली जुळवायची रेट मोडमध्येच. हेडिंग होल्ड वाकडं लिंकेज, ढिला बेल्ट, चुकलेला हॉर्न (सर्वोचा हात) हे सगळं पोटात घालतो. शेपूट स्थिर दिसते आणि दुखणं आत राहतं. मग डावी गिरकी झकास थांबते आणि उजवी थांबताना उडी मारते, आणि माणूस जायरोचे पाच मेनू उलटेपालटे करत बसतो. रेट मोड असली चूक लगेच चव्हाट्यावर आणतो.

आधी दिशा तपासा, आणि दोन दिशांची गल्लत करू नका. उजवा रडर दिल्यावर शेपटीच्या ब्लेडची पिच (कोन) नाक उजवीकडे नेईल अशी बदलतेय का, हा पहिला प्रश्न. उलटं असेल तर रेडिओत रडर रिव्हर्स करा. दुसरा प्रश्न जायरोचा. हेली हातात धरून नाक झटकन डावीकडे फिरवा. सर्वो उजवा रडर दिल्यासारखा हलायला हवा. उलटा हलला तर जायरोवरचा किंवा त्याच्या मेनूतला रिव्हर्स बदला. रेडिओतला रडर रिव्हर्स इथे कामाचा नाही. जायरो उलटा राहिला तर स्किड (हेलीचे खालचे पाय) जमिनीवरून सुटता सुटता हेली भोवऱ्यासारखी फिरते. तिला वाचवायला वेळ मिळत नाही, आणि जवळ कोणी उभं असेल तर ब्लेडची गाठ त्याच्याशी.

मग रेट मोडमध्ये, ट्रिम आणि सबट्रिम (रेडिओच्या मेनूतली ट्रिम) शून्यावर ठेवून, सर्वोचा हॉर्न लिंकेजला काटकोनात बसवा. वारा पडलेला असताना हॉवर करा. नाक सरकत असेल तर ते थांबेपर्यंत ट्रिम द्या, उतरवा, आणि शेपटीचा पिच स्लायडर (सरकून ब्लेडचा कोन बदलणारा भाग) कुठे थांबलाय ते पाहून घ्या. ट्रिम परत शून्यावर न्या आणि बॉल लिंक फिरवून, किंवा सर्वो बूमवर बसवलेला असेल तर त्याचा क्लँप पुढेमागे सरकवून, स्लायडर पुन्हा त्याच जागी आणा. जुळणी फारच चुकलेली असेल तर दोन-तीनदा करावं लागतं. त्यानंतर हेडिंग होल्ड लावायचा, मिक्सिंग बंद करायचं आणि पुन्हा ट्रिमला बोट लावायचं नाही.

लिमिट (सर्वोने जास्तीत जास्त किती हलायचं ते) लावताना स्टिक टोकाला नेली की स्लायडर जवळजवळ टेकायला हवा, पण सर्वो गुरगुरायला नको. लिमिट खूपच कमी करावी लागत असेल तर हॉर्नवरचा बॉल आतल्या भोकात घ्या. बॉल आत घेतला की तोच गेन सौम्य होतो, बाहेर नेला की तिखट. म्हणून गेन फारच कमी आकड्यावर ठेवावा लागत असेल तरी इलाज तोच. सर्वोची जात एकदा पाहून घ्या: काही खास टेल सर्वो १५२० मायक्रोसेकंदांऐवजी ७६० च्या पल्सवर चालतात, आणि जायरोवर डिजिटल सर्वोचा स्विच असेल तर साधा अ‍ॅनालॉग सर्वो जोडून तो चालू करू नका. जळतो.

गेनचं काम हवेतच होतं. बेतानेच सुरुवात करा, दोन-तीन टक्क्यांनी वाढवत जा, आणि शेपूट जलद थरथरायला लागली की थोडं मागे या. हॉवरमध्ये थरथर नाही म्हणून समाधान मानू नका. जोरात पुढे जाताना आणि रोटरचा वेग वाढलेला असताना शेपटीचा जोर वाढतो आणि हॉवरला बरोबर असलेला गेन तिथे जास्त होतो. म्हणूनच आयडल अपसाठी (रोटरचा वेग जास्त ठेवणारा फ्लाइट मोड) गेन वेगळा, थोडा कमी ठेवतात. हेडिंग होल्डमध्ये गेन कमी पडला तर गिरकी थांबवल्यावर शेपूट ढिली वाटते आणि पटकन कलेक्टिव्ह दिलं की नाक हिसका देतं. रेट मोडमध्ये गेन फार वाढवला तर वेगळीच पंचाईत: जायरो तुमच्या अंगठ्यालाही विरोध करतो आणि गिरकी मंदावते. हेडिंग होल्डमध्ये गिरकीचा वेग गेनवर नाही, रडरच्या एंड पॉइंटवर किंवा ड्युअल रेटवर (स्टिक टोकाला नेल्यावर किती रडर जाईल हे सांगणारी रेडिओतली सेटिंग) ठरवायचा. गेन बराच उतरवूनही थरथर जात नसेल तर रेडिओ बाजूला ठेवा आणि शेपटीचं यंत्र तपासा: स्लायडर बोटाने अलगद सरकतो का, बॉल लिंक घट्ट बसतात का, बेल्टचा ताण ठीक आहे का, जायरोखालचा फोम सुटलाय का.

आपल्याकडचा एक मुद्दा उन्हाचा. पिएझो जायरोचं शून्य तापमानाबरोबर सरकतं. एसी गाडीतून काढलेली हेली मे महिन्याच्या दुपारी लगेच उडवली तर हेडिंग होल्डमध्येही शेपूट हळूहळू सरकत राहते. बाहेरच्या हवेत ती थोडा वेळ ठेवा आणि मगच बॅटरी जोडा. मेम्स जायरोंना हा त्रास कमी आहे, अजिबात नाही असं नाही.

निवडीचं म्हणाल तर शिकणाऱ्याने हेडिंग होल्डच घ्यावा. "आधी रेट मोडवर शिक, हात तयार होतो" असं जुने लोक सांगतात. मला ते पटत नाही. नाक-समोर हॉवर (हेलीचं नाक आपल्याकडे असताना) शिकताना डोक्याला आधीच पुरेसं काम असतं. मागे उडायचं असेल, थ्रीडी (उलटंपालटं कसरतीचं उडणं) करायचं असेल तर प्रश्नच नाही, रेट मोडमध्ये शेपूट वाऱ्याबरोबर उलटायला बघते. रेट मोडची खरी जागा स्केल मॉडेलांत. तिथे पुढे उडताना उभा पंख नाकाला वाटेच्या दिशेने नेतो आणि वळण खऱ्या हेलिकॉप्टरसारखं दिसतं. हेडिंग होल्डमध्ये नाक जुन्याच दिशेला चिकटून बसतं, आणि तेच वळण घ्यायला प्रत्येक वेळी मोजून रडर द्यावा लागतो.

फ्लायबारलेस युनिटमध्ये (रोटरवर तोल सांभाळणारी दांडी नसलेल्या हेलीचं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण) जायरो वेगळी डबी म्हणून दिसत नाही, पण शेपटीचे हे दोन मोड बऱ्याच युनिटांत तसेच असतात आणि वरचा सर्वोचा प्रयोग तिथेही चालतो. दोन्ही मोड स्विचवर ठेवायचे असतील तर रेट मोडची जुळणी ट्रिमशिवाय, निव्वळ लिंकेजवर आणा, मिक्सिंग फक्त रेटच्या फ्लाइट मोडमध्ये चालू ठेवा, आणि पहिल्यांदा स्विच मारताना हेली डोक्याच्या वर पुरेशी उंच असू द्या.