माळरान पुनरुज्जीवन (सोलापूर)

सोलापूर परिसरातले गवताळ माळ मूळ स्थितीत परत आणण्याचे काम. हा जिल्हा पर्जन्यछायेतला. सीना-भीमेच्या काठची काळी जमीन सोडली, तर बरीच जमीन उथळ आणि मुरमाड आहे. अशा मातीत दाट जंगल होत नाही, गवत मात्र होते: पवन्या, मारवेल, कुसळी, अधूनमधून बोर, हिवर, तरवड. सरकारी दप्तरात या जमिनीवर ‘पडीक’ असा शिक्का बसला आणि माळाचे सर्वांत मोठे नुकसान त्या एका शब्दाने केले. पडीक म्हणजे झाडे लावायची जागा, हा समज अजून पुसलेला नाही.

नान्नज हे याचे ठळक उदाहरण. सोलापूरहून बार्शीच्या वाटेवर असलेल्या या गावाच्या माळावर माळढोक टिकून होते. त्यांच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात शेते आली, गावेच्या गावे आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने पडली आणि पक्ष्याबद्दल नाराजी वाढली. पुढे क्षेत्र बरेच कमी करण्यात आले. दरम्यान माळावर गिरिपुष्पासारख्या (ग्लिरिसिडिया) बाहेरून आणलेल्या झाडांची लागवडही झाली होती. माळढोक उघड्या माळावर दूरवर नजर ठेवून जगतो, बहुधा एकच अंडे घालतो, तेही जमिनीवर. झाडांच्या रांगा त्याच्या काय कामाच्या? आता इथे त्याचे दर्शन अत्यंत दुर्मीळ झाले आहे. काळवीट, लांडगा, खोकड, जमिनीवर धावणारा धाविक पक्षी आणि हिवाळ्यात येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी यांचा आधार मात्र अजून हाच माळ आहे.

त्यामुळे इथल्या पुनरुज्जीवनात रोप लावण्याआधी काढून टाकण्याचे काम येते. माळावर पसरलेली वेडी बाभूळ, हे बाहेरून आलेले काटेरी झाड, नुसती तोडून भागत नाही, बुंध्यातून पुन्हा फुटते; मुळासकट खणावी लागते. खोल चर खणण्याची घाईही माळाला सोसत नाही, कारण गवताच्या मुळांनी धरून ठेवलेला मातीचा थर त्यात उलटा होतो. गवत परतते ते बहुतेक आपल्या बळावर. कुसळीची बी हातात घेऊन पाहावी: टोक सुईसारखे, मागे लांब पिळदार शेपूट. कोरड्या हवेत शेपटीला पीळ बसतो, ओल लागली की तो सुटतो, आणि या फिरण्याने बी गिरमिटासारखी मातीत शिरते. हेच कुसळ पिकल्यावर मेंढ्यांच्या लोकरीत, तोंडात रुतते. म्हणून मेंढपाळ कुसळी कोवळी असतानाच चारून घेतात.

माळ राखण्याचा भार गावावर असतो. गायरानाचा एखादा तुकडा पावसाळाभर चराईसाठी बंद ठेवायचा, बी झडल्यावरच गवत कापायचे, वणवा दिसताच धावायचे. चराईबंदी सरसकट आणि कायमची असावी असे नाही; जनावरांच्या चरण्याची माळाला सवय आहे, कुठे आणि किती चारायचे एवढे ठरवावे लागते. ते ठरवताना धनगरांना वगळले, तर नियम पहिल्या पावसाळ्यातच मोडतो. सुगीनंतर वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावून शेतात मेंढ्या बसवायच्या, शेतकऱ्याने लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे द्यायचे, हा व्यवहार जुना आहे. त्याच कळपातले कोकरू लांडगा उचलतो, तेव्हा नुकसान मेंढपाळाचे होते. भरपाई वेळेत हातात पडली, तर लांडग्यासाठी विष ठेवण्याचा विचार मागे पडतो.